दोन रात्रींचा मुक्काम आणि पाचव्या ओळीतला खांदा

मी डॉक्टर नाही. कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. यंत्र बिघडलं किंवा माल परत आला की त्याचा अहवाल लिहायचा, हे माझं रोजचं काम. त्या अहवालाचा एक नियम आहे: आधी माणसाकडे बोट दाखवायचं नाही, आधी वेळा लिहायच्या. काय किती वाजता झालं, ते तेव्हा कुणाला माहीत होतं आणि कुणाला नव्हतं. ताईच्या ऑपरेशनच्या वेळी सोबतीला मीच राहिले आणि सवयीने वहीत वेळा टिपत गेले. हे प्रकरण त्या वहीवरून लिहिलं आहे. ताईला वाचून दाखवलं, तिने दोन ठिकाणी काट मारली, ती मी मान्य केली.

प्रकरण

रुग्ण स्त्री, वय ५४, नोकरी हिशेब तपासणीची, मधुमेह-रक्तदाब नाही. पित्ताशयात खडे, वर्षभरात पोटदुखीचे तीन जोरदार झटके. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं. मंगळवारी संध्याकाळी भरती, बुधवारी ऑपरेशन, गुरुवारी संध्याकाळी घरी. ऑपरेशन उत्तम झालं. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी सर्जनवर घसरेल. चार छोटी भोकं, आत गुंतागुंत नाही, ५० मिनिटांत काम संपलं.

आणि तरीही शुक्रवारी पहाटे पावणेदोनला मी तिला घेऊन तातडीच्या विभागात उभी होते आणि ती माझं मनगट घट्ट धरून म्हणत होती, "हे हृदयाचंच आहे गं."

हृदयाचं नव्हतं. पण तिथपर्यंत आम्ही पोचलो कसे, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

तहान

मंगळवारी रात्री सिस्टरने सांगितलं, बारानंतर तोंडात काही नाही, पाण्याचा थेंबही नाही. ऑपरेशन सकाळी नऊचं. साडेआठला कळलं की एक तातडीची केस आली आहे, वेळ पुढे गेली. किती पुढे? "बोलावतील." अकराला विचारलं, "बोलावतील." साडेबाराला वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन आला. ती शेजारच्या खाटेसाठी होती. ताईला आत नेलं दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी. म्हणजे चौदा तास चाळीस मिनिटं कोरडी.

भूल देण्याआधी पोट रिकामं हवं यामागे पक्कं कारण आहे. भुलेत असताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. कर्टिस मेंडेलसन या डॉक्टरांनी १९४६ साली प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांमधली अशी प्रकरणं नोंदवली आणि तेव्हापासून ही धास्ती सगळीकडे रुजली. पण पोळी आणि पाणी एका मापाने मोजायचं कारण नाही. पाणी पोटातून भराभर पुढे सरकतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना हलक्या खाण्यासाठी ६ तास सांगतात आणि नितळ द्रवांसाठी फक्त २ तास. साडेआठला वेळ पुढे गेल्याचं कळलं तेव्हाच भूलतज्ज्ञांना कुणी विचारलं असतं, तर ताईला निदान दोन घोट पाणी मिळायची शक्यता होती. ऑपरेशनची वेळ सरकली, बारा वाजताचा नियम मात्र जागचा हलला नाही, कारण तो हलवणं कुणाचंच काम नव्हतं.

ताई म्हणते तहान सोसता आली, "बोलावतील" सोसलं नाही. माझ्या कारखान्यात मालाच्या गाडीला उशीर झाला तर चालक फोन करतो. इथे माणूस थांबला होता.

कोपर

ऑपरेशननंतरच्या रात्रीचं पान माझ्या वहीत सगळ्यात भरलेलं आहे. सलाइनची सुई कोपराच्या खोबणीत लावली होती. हात जरा दुमडला की नळी दबे, पंप ओरडायला लागे. झोपेत हात दुमडतोच. पहिल्यांदा १०:५० ला वाजला, मग ११:३५, मग १२:२०. मी बेल दाबायची, सिस्टर यायची, बटण दाबून जायची, "हात सरळ ठेवा" सांगून जायची. ताईने अखेर हात खाटेच्या कठड्यावर लांब टाकला, गाडी थांबवायला करतात तसा, आणि तशीच डोळे उघडे ठेवून पडून राहिली. मधे दोन वाजता रक्तदाबाचा पट्टा, तीनला शेजारच्या खाटेवर नवीन रुग्ण, दिवे लख्ख. चारला पाळी बदलून आलेल्या एका तरुण सिस्टरने पंपाकडे न बघता हाताकडे बघितलं. "इथे कुणी लावली ही?" म्हणाली आणि सुई काढून हाताच्या सपाट भागात दुसरी लावली. पाच मिनिटं लागली. पंप पुन्हा वाजला नाही. ताई झोपली. साडेपाचला ताप मोजायला उठवली.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली आवाजाबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत रात्री वॉर्डात सरासरी ३० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. तीस डेसिबल म्हणजे कुजबुज. आमच्या वॉर्डात नुसती औषधांची ढकलगाडी त्याच्या किती वर असेल ते मोजायला माझ्याकडे यंत्र नव्हतं, कान होते.

ही कुरकुर नाही. येल विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रमहोल्झ यांनी २०१३ साली एक मुद्दा मांडला. अमेरिकेत सरकारी विम्यावर असलेल्या वयस्कर रुग्णांपैकी जवळपास पाचवा हिस्सा घरी गेल्यावर ३० दिवसांत पुन्हा भरती होतो, आणि पुष्कळदा ज्या आजारासाठी आधी आला होता त्यासाठी नाही, भलत्याच कारणाने. त्यांचं म्हणणं असं की झोपमोड, उपासमार, अंथरुणाला खिळून राहणं, गोंधळ, वेदना या सगळ्यांचा एक वेगळाच अशक्तपणा रुग्णालय अंगाला लावून पाठवतं, आणि त्या काळात माणूस कशानेही कोलमडू शकतो. ताई वयस्कर नाही आणि तिच्या दोनच रात्री झाल्या. तरी गुरुवारी दुपारी तिला तिच्याच मोबाइलचा पासवर्ड आठवेना, तेव्हा मला हे म्हणणं पटायला लागलं.

घरी सोडणं

गुरुवारी सकाळी ९:१० ला डॉक्टर म्हणाले, "आज घरी." आम्ही ९:३० ला पिशव्या भरून तयार. निघालो ५:२० ला. मधले आठ तास कागदांचे: सारांश टाइप व्हायचा, त्यावर सही व्हायची, उरलेली औषधं परत जायची, बिल बनायचं, विमा कंपनीची मंजुरी यायची. यातलं काहीच अवाजवी नाही. पण प्रत्येक कागद आधीच्याची वाट बघत उभा, एकाच वेळी दोन कागद कधीच हलत नाहीत. आमच्याकडे असा कारखाना चालवला तर आठवड्यात टाळं लागेल.

त्या आठ तासांत ताई जागी होती, शुद्धीत होती, कंटाळलेली होती. तिला काहीही समजावून सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. समजावलं कधी? ५:०५ ला, लिफ्टसमोर. ताई चाकाच्या खुर्चीत, माझ्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात औषधं, कानाशी फोन कारण भावोजी खाली गाडी घेऊन अडकले होते. सिस्टरने कागद उलगडून तीन मिनिटांत सगळं सांगितलं. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी २००३ साली लिहिलं होतं की डॉक्टरांकडून मिळालेल्या माहितीतली ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, आणि जी आठवते त्यातली निम्मी चुकीची आठवते. मला लिफ्टसमोरचं आठवतं ते एवढंच: टाके ओले करू नका आणि आठव्या दिवशी या.

कागदावर दुखण्याच्या गोळीपुढे लिहिलं होतं, "एसओएस". हा लॅटिन शब्दांचा संक्षेप आहे, अर्थ इतकाच की गरज पडली तर घ्या. ताईच्या डोक्यात एसओएस म्हणजे बुडत्या जहाजाची हाक. अगदीच असह्य झालं तर घ्यायची गोळी, असा तिने अर्थ लावला आणि दात-ओठ खात गोळीशिवाय राहिली. रुग्णालयात सलाइनमधून वेदनाशामक चालू होतं. ते बंद झालं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

खांदा

रात्री एकच्या सुमारास ती उठून खुर्चीत बसली, पाठीला बरं वाटेल म्हणून. सव्वाला उजव्या खांद्यात कळ आली. पोटात नाही, खांद्यात. श्वास घेतला की वाढे. चौपन्न वर्षांची बाई, खांद्यात कळ, श्वास अडतोय, घाम. मी गाडी काढायला सांगितली आणि आजही तसंच करेन. घरी बसून "गॅस असेल" म्हणण्यातली ही गोष्ट नव्हे.

हृदयाचा आलेख काढला, रक्तात ट्रोपोनिन तपासलं (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते वाढतं), ऑक्सिजन पाहिला. सगळं ठीक. तीन तासांनी पुन्हा रक्त घेतलं, तेही ठीक. मग तिथल्या डॉक्टरबाईंनी, त्याही रात्रभर जाग्याच, पाण्याचा ग्लास पुढे करून समजावलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आत बघायला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर दाबाने, पोट फुग्यासारखं. शेवटी वायू काढतात, पण थोडा उरतो, आणि छाती-पोटामधला पडदा ताणला गेलेला, चिडलेला असतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते, तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून. खांद्याकडून येणारी जाणीवही त्याच मुळांमधून जाते. मेंदूला कळत नाही हाक कुठून आली, तो खांद्यावर नाव टाकतो. आडवं पडलं की बरं वाटतं, उठून बसलं की उरलेला वायू वर पडद्याखाली जमतो आणि दुखणं वाढतं. दोन-तीन दिवसांत आपोआप जातं. गोळी वेळेवर घ्यायची, थोडं थोडं चालायचं, खांदा शेकायचा.

"तुम्हाला सांगितलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

ताई म्हणाली, "नाही."

मी म्हणाले, "नाही."

आम्ही दोघी खरं बोलत होतो. आणि दोघी चुकीचं बोलत होतो, ते आठव्या दिवशी कळलं.

आठ दिवसांचा हिशेब

आठव्या दिवसाकडे जाण्याआधी एक जुना अभ्यास. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासून दाखवलं की खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर बरे होतात. हा अभ्यास वास्तुरचनाकार फार सांगतात. मला त्यातली वेगळीच गोष्ट खटकली. ते ४६ च्या ४६ रुग्ण पित्ताशयाच्याच ऑपरेशनचे होते, पोट उघडून केलेल्या. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवस रुग्णालयात राहिले, भिंतवाले ८.७०. म्हणजे झाडं असोत की भिंत, आठवडाभर कुणीतरी शिकलेला माणूस त्यांच्या ताप, पोट, टाके, चालणं यांकडे बघत होता.

१९८५ साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पुढे ही पद्धत जगभर पसरली आणि आठ दिवसांचे दोन झाले. जखम लहान, संसर्गाची भीती कमी, रुग्ण आपल्या अंथरुणात, चांगलंच झालं. पण उरलेले सहा दिवस हवेत विरले नाहीत. ते घरी आले, आणि घरी सिस्टर नसते. घरी भावोजी असतात, जे मायेनेच म्हणतात, "एवढंसं तर ऑपरेशन, उद्यापासून हिंडायला लागशील." रुग्णालयाने मुक्काम कमी केला आणि शुश्रूषा आमच्याकडे सोपवली. सोपवणी झाली ती लिफ्टसमोर तीन मिनिटांत.

माझ्या कामात पाळी बदलताना अर्धा तास दोन्ही पाळ्या एकत्र उभ्या राहतात. कोणतं यंत्र तापतंय, कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता नाही, हे जाणारा येणाऱ्याला सांगतो आणि येणारा ते परत बोलून दाखवतो. परत बोलून दाखवणं महत्त्वाचं. ताईला एकदा जरी विचारलं असतं, "घरी गेल्यावर दुखण्याची गोळी कधी घ्याल, सांगा बरं," तर जहाज तिथेच सापडलं असतं.

सही

आठव्या दिवशी टाके बघायला गेलो. जखमा छान भरल्या होत्या. मी तिथल्या निवासी डॉक्टरला विचारलं, खांद्याचं आधी का सांगत नाही तुम्ही? तो बिचारा प्रामाणिक निघाला. "सांगतो की," म्हणाला आणि फाइल काढली.

एक छापील पान होतं, ऑपरेशननंतरच्या सूचनांचं. पाचवी ओळ: पोटात भरलेल्या वायूमुळे दोन-तीन दिवस खांद्यात दुखू शकते, घाबरू नये. ओळीपुढे बरोबरची खूण. खाली "सूचना समजल्या" आणि सही. वेळ, बुधवार, ४:२०.

ताईने पान जवळ घेतलं. "ही माझी सही नाही," म्हणाली. मग चष्मा लावला. आयुष्यभर हिशेबांवर सह्या करणारी बाई; तिची सही छापल्यासारखी असते. ही सही डावीकडून सुरू होऊन उजवीकडे उतारावरून घसरत गेली होती आणि आडनावाचं शेवटचं अक्षर कागदावर आलंच नव्हतं. पण पहिल्या अक्षराला तिचा नेहमीचा फाटा होता. तिचीच होती.

माझ्या वहीत ऑपरेशन थिएटरचं दार उघडल्याची वेळ ३:५५. म्हणजे बाहेर आणल्यावर पंचवीस मिनिटांनी तिला सूचना समजल्या. भूल देण्याआधी मिडाझोलाम दिल्याची नोंद त्याच फाइलमध्ये दोन पानं मागे होती. या औषधाचा गुणच असा की दिल्यानंतरच्या काही काळातलं आठवणीत उतरत नाही. माणूस डोळे उघडतो, नाव सांगतो, मान हलवतो, सहीसुद्धा करतो. वरून भुलेचा अंमल असतोच. ताईला त्या तासातलं एकच आठवतं: छतावरचा एक दिवा आणि कुणीतरी तिचं नाव फार मोठ्याने घेतंय.

फसवणूक कुणी केली नाही. ज्या सिस्टरने पान भरलं, तिने पाचही ओळी वाचून दाखवल्या असतील, माझी खात्री आहे. तिच्या कामाच्या यादीत ते पान त्या वेळी होतं, तिने ते त्या वेळी पूर्ण केलं. कागदापुरतं काम चोख झालं. फक्त ऐकणारी अजून परतली नव्हती, आणि जी शुद्धीवर होती, म्हणजे मी, ती दाराबाहेर बाकावर होते. मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघी खाटेवर पाय हलवत बसलो होतो, तीन तास. हेच पान तेव्हा वाचून दाखवलं असतं तर शुक्रवारची पहाट आमची झोपण्यात गेली असती.

निवासी डॉक्टरने सही बघितली, ताईकडे बघितलं, आणि काही बोलला नाही. मला ते आवडलं.

पुढचे दिवस

बाकीची बरी होण्याची गोष्ट साधी आणि लांब आहे. तातडीच्या विभागातून आल्यावर पॅरासिटामॉल घड्याळ लावून, आणि लागली तर ट्रॅमाडॉल. ट्रॅमाडॉलने दुखणं गेलं आणि पोट अडलं. अफूच्या जातीची औषधं आतड्यांनाही गुंगी आणतात, हेही आम्ही सोसून शिकलो. चौथ्या दिवशी घरात दुसरा विषय नव्हता. खोकला आला की उशी पोटाशी धरायची, ही युक्ती ताईने स्वतःच शोधली. मग कळलं सगळीकडे हीच शिकवतात.

वजन किती दिवस उचलायचं नाही? एकाने दोन आठवडे सांगितलं, दुसऱ्याने सहा. कागदावर होतं "जड कामे टाळावीत". भरलेली बादली जड की पिशवी जड, ते ज्याचं त्याने ठरवायचं. कागदावर अजून एक वाक्य होतं, "काही त्रास झाल्यास संपर्क साधावा". हे वाक्य लिहिणाऱ्याला मी एक रात्र ताईच्या खुर्चीत बसवीन. त्रास तर होतच असतो. कोणता त्रास ते सांगा. आता आमच्या कपाटावर लिहून लावलं आहे: १०० च्या वर ताप, डोळे पिवळे, पोटातलं दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जाणं, उलट्या न थांबणं, एका पोटरीला सूज, धाप. हे झालं तर लगेच. खांदा, थकवा, टाक्यांची खाज, चरबीचं खाल्ल्यावर पातळ होणं, यांना वेळ द्यायचा. पातळ होण्याचंही कारण आहे: पित्त साठवायची पिशवी गेली, आता ते यकृतातून सरळ आतड्यात ठिबकत राहतं, आतड्याला सवय व्हायला काही आठवडे लागतात.

थकवा मात्र कुणालाच पटवता येईना. सहाव्या दिवशी ती दात घासताना बेसिनला टेकून खाली बसली. दहाव्या दिवशी टेबलाखाली पेन पडलं. वाकावं की न वाकावं अशी ती उभी राहिली, पेनाकडे बघत, आणि एकदम रडायला लागली. भावोजी धावत आले, कुठे दुखतंय विचारायला लागले. कुठेच दुखत नव्हतं. पोटावर बाहेरून चार बारीक रेघा. त्यांत एवढी दमणूक बसत नाही, म्हणून बघणाऱ्याला खरी वाटत नाही. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात ऑपरेशननंतर माणूस लवकर कसा सावरेल, याचाच विचार केला. उपास लांबवू नका, त्याच दिवशी उठवा, लवकर खायला द्या, दुखणं आधीच आवरा, आणि रुग्णाला सगळं ऑपरेशनच्या आधी समजावून सांगा, असा अख्खा क्रमच त्यांनी लावून दिला. त्यातलं ताईच्या वाट्याला एकच आलं: बुधवारी रात्री आठला तिला उठवून चार पावलं चालवलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी ती अर्धा दिवस कामावर गेली. पाचव्या आठवड्यात उजव्या कुशीवर झोपली.

रुग्णालयाला मी पत्र दिलं. दोनच मागण्या: सूचनांचं पान ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नातेवाइकासमोर वाचा, आणि वेळ पुढे गेली की पाण्याचा नियम पुन्हा बघा. उत्तर आलं, "आपल्या अभिप्रायाची नोंद घेण्यात आली आहे." खाली सही छापलेली.

गेल्या आठवड्यात ताईच्या कचेरीतल्या एका बाईंना हेच ऑपरेशन सांगितलं. ताईने त्यांना फोन लावला. खांदा, उशी, एसओएस, सुई कोपरात लावू देऊ नका, नितळ पाणी किती वाजेपर्यंत ते भूलतज्ज्ञांनाच विचारा. पस्तीस मिनिटं चाललं होतं. शेवटी पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि ताई हसली.

"ऑपरेशन कसं असतं ते मला कुठे माहीत," ती म्हणाली. "मी झोपले होते."